बीपीवाली बाई सोडून चालली होती

बायको गेली त्या सकाळी मी पहिली शिवी दिली ती आमच्याकडे बीपी बघायला येणाऱ्या बाईला. देवाला नाही, डॉक्टरला नाही, तिला. फोन केल्यावर वीस मिनिटांत ती चालत आली, तीन मजले चढली, बायकोच्या मनगटाला हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हणालो, "काल बघितलंस ना? सगळं बरोबर आहे म्हणालीस ना? मग हे काय?" आणि पुढे एक शब्द बोललो. तो तमिळमध्ये होता आणि इथे लिहिण्यासारखा नाही.

तिनं बायकोचे डोळे मिटले, हनुवटीखालून पट्टी बांधली, पदर सारखा केला. मग म्हणाली, "ताता, मुलाला फोन लावा." ताता म्हणजे आजोबा. शिवी खाऊनही ती मला आजोबाच म्हणाली.

आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहितोय, कारण लिहायला मला दुसरी भाषा येत नाही. आणि मराठीही चौथीपर्यंतचीच. चौदाव्या वर्षी मामानं सांगली जिल्ह्यातल्या गावातून मला उचलून इथे तमिळ मुलखात आणलं, गलाईच्या कामाला. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं आटवायचं आणि त्यातली भेसळ काढून शुद्ध करायचं. टी. नगरच्या मागच्या गल्लीत एक खोली, तिच्यात भट्टी, तेजाबाच्या बरण्या आणि आम्ही चार माणसं. पन्नास वर्षं तेच केलं. लग्न गावाकडं झालं, संसार इथे. बायको माझ्यापेक्षा चांगलं तमिळ शिकली, कारण तिला भाजीवाल्याशी भांडायचं असायचं आणि हरणं तिला जमत नव्हतं.

तिला लकवा झाला तेव्हा डावी बाजू राहिली, उजवी गेली. आणि बोलणं गेलं. नुसते आवाज उरले. मुलगा कोइंबतूरला. तो म्हणाला, बाई ठेवू या. मी म्हणालो, कशाला, मी आहे. दोन वर्षं मीच सगळं केलं. पण करायचं कसं हे मला शिकवलं या बाईनं.

ती आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्राची. घरोघर जायचं, बीपी आणि शुगर बघायची, गोळ्या द्यायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून घरच्यांना शिकवायचं, हे तिचं काम. गल्लीतले लोक तिला बीपी अक्का म्हणतात. वय चाळीसच्या आसपास, एक मुलगी दहावीला, खांद्याला निळी बॅग. बॅगेत मशीन, पट्ट्या, गोळ्या आणि एक जाडजूड वही. सरकारनं वही बंद करून नोंदींसाठी फोन दिला तरी ती वही ठेवायचीच. म्हणायची, फोनला माणसाचं नाव माहीत असतं, माणूस माहीत नसतो.

बायकोला कुशीवर वळवायचं ते एका हातानं खांदा आणि एका हातानं कंबर धरून, हे तिनं शिकवलं. टाचेखाली उशी ठेवायची नाही, पोटरीखाली ठेवायची, हेही. मी चुकलो की ओरडायची. "ताता, ही काय सोन्याची लगड आहे का, सांडशीनं पकडल्यासारखी धरताय!" बायको अंथरुणात हसायची. तोंडाचा अर्धाच भाग हसायचा, पण हसायची.

ती आली की मी खाली जायचो. बायकोला पुसायचं, कपडे बदलायचे असायचे. दोघी बायका आहेत, आपण कशाला मध्ये, म्हणून मी दूध आणायच्या निमित्तानं निघायचो. अर्ध्या तासानं परत यायचो तेव्हा बाई पंख्याखाली बसून वहीत लिहीत असायची आणि बायको ताजी दिसायची. त्या अर्ध्या तासात घरात काय काय व्हायचं, हे मी दोन वर्षं विचारलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बायको गेली. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी बाई पुन्हा दारात. "ताता, आता तुमचं बीपी."

मी विचार केला. घरात मी एकटा पुरुष. दार लावून घेतलं तर समोरच्या फ्लॅटमधल्या टीचर काय म्हणतील, उघडं ठेवलं तर जिन्यातून जाणारे काय म्हणतील. तिच्या अब्रूचा प्रश्न. म्हणून मी घरातून खुर्ची बाहेर आणली आणि दाराशी जिन्यात टाकून बसलो. "इथेच बघ मा," म्हणालो. इथे पोरीबाळींना मायेनं मा म्हणतात. तिनं एकदा माझ्या मागे, उघड्या दारातून आत बघितलं. मग पायरीवर बसून पट्टा बांधला. त्या दिवसापासून आमची तपासणी जिन्यात. मला वाटलं, मी मोठं शहाणपण केलं. बायको असती तर तिनंही हेच सांगितलं असतं, असंसुद्धा वाटलं.

सहा-सात महिने असे गेले. हळूहळू बाई बदलली. आधी बोलणं कमी झालं. मग मी मुद्दाम म्हणालो, आज दोन जिलब्या खाल्ल्या, तरी ओरडली नाही. "बरं," म्हणाली आणि आकडा फोनमध्ये टाकला. गोळ्या देताना एकदा बीपीच्या जागी शुगरच्या दिल्या, मीच बघितलं म्हणून कळलं. तिनं गोळ्या बदलल्या आणि पायरीवर तशीच बसून राहिली, हात मांडीवर उलटे टाकून. आमच्या धंद्यात असं दिसलं की मी ओळखायचो. भट्टीसमोर फार वेळ उभा राहिलेला माणूस असा दिसतो. समोरचं सोनं वितळलेलं असतं, तरी तो बघतच राहतो.

आणि मग एक दिवस म्हणाली, "ताता, पुढच्या महिन्यापासून दुसरी येईल. मी सोडतेय."

मी चिडलो. आधी चिडतो आणि मग विचार करतो, हा माझा जन्माचा दोष. "सोडतेय म्हणजे? अजून कुठे जास्त देतात का?"

"नाही."

"मग नवरा नको म्हणतो?"

"तो तर म्हणतो कर."

"मग काय झालं? आमचा कंटाळा आला? म्हातारे वास मारतात?"

ती हसली नाही. पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "राग येणार नसेल तर सांगते. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी मध्ये बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं सांगितलं ते असं. सकाळी आठला घर सोडते, दुपारी दोन-अडीचला परत. मध्ये घरंच घरं. लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये वॉचमन म्हणतो मागचा जिना घे. प्रत्येक घरात माणूस दारात उभा करून फोटो काढायचा, नाहीतर फोनमधली नोंद पुढे सरकत नाही. कोणी म्हणतं आंघोळ चाललीय, नंतर ये. नंतर म्हणजे पुन्हा तेवढे जिने. वरून गोळ्या आल्या नाहीत की शिव्या हिला. डासांच्या अळ्या बघायचं काम वाढलं, तापाचं सर्वेक्षण वाढलं, घरं तेवढीच. सकाळी सहाला फोन, मुलीच्या शाळेत बसलेली असताना फोन, देवळात फोन. "तुम्हीपण करत होता ताता. दिवसातून चार-चार वेळा. पाट्टींनी डोळे उघडे ठेवलेत, पाट्टींनी डोळे मिटलेत."

पाट्टी म्हणजे आजी, माझी बायको.

"आणि पाणी पीत नाही मी," ती म्हणाली. "प्रत्येक घरात कॉफी पुढे करतात. नाही म्हटलं तर म्हणतात, आमच्या घरची चालत नाही का? घेतली तर..." तिथे ती थांबली. मग जिन्याच्या खाली बघत म्हणाली, "घेतली तर जायचं कुठे? कोणाच्या घरात विचारू? विचारलं एकदा. त्या बाईंनी कामवालीला हाक मारून सांगितलं, नंतर फिनाईल टाक. मी अजून बाहेरही पडले नव्हते. दोनदा इन्फेक्शन झालं. गेल्या महिन्यात तापात चक्कर आली, दुसऱ्या बिल्डिंगच्या जिन्यात बसले. फोनमध्ये दिसलं, ही वीस मिनिटं एकाच जागी. केंद्रातल्या सुपरवायझरनं ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, का थांबलीस?"

मी विचारलं, "मग इतके दिवस कसं केलंस?"

"पाट्टी होत्या ना," ती म्हणाली. "मी आले की त्या आधी डावा हात वर करायच्या, बाथरूमकडे. आधी तू जा, मग माझं बघ. पहिल्या दिवसापासून. मग पंख्याखाली बसायचं, पाणी प्यायचं. मी माझा रस्ताच तसा लावला होता, तुमचं घर बरोबर मध्ये येईल असा."

आणि मी त्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. तिची अब्रू राखत.

 ती उठली, बॅग उचलली आणि वरच्या मजल्यावर गेली. मी खुर्ची आत नेली आणि बायकोच्या पलंगासमोर बसलो. मला आठवला तो डावा हात. मला वाटायचं ती मला म्हणतेय, तू जा बाहेर. ती मला म्हणतच नव्हती, बाईला म्हणत होती. मी त्या दिवशी रडलो, ते कोणाला सांगितलं नाही. इथे लिहिलं, झालं.

पण रडून बाई थांबणार नव्हती. महिना संपायला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "आत ये. दार उघडं ठेवतो. लोक गेले खड्ड्यात." ती आली. पण म्हणाली, "ताता, एका घरानं काय होतं? आता तुमचं घर शेवटी येतं. रस्ता बदलला मी." तिचं बरोबर होतं. आणि माणसाला रोज मेहरबानी मागायला लावणं हाही त्रासच.

मग मला खालची खोली आठवली.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात एक संडास आहे. बिल्डरनं ड्रायव्हरांसाठी बांधला होता. गेली कित्येक वर्षं त्याला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. बँकेतून रिटायर झालेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आमच्या दोघांत मराठीवरून कायम टोमणे चालतात. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलं आणि तिथंच थांबलं, मध्ये मध्ये तमिळ पडलं. माझं मराठी मातीतलं आणि त्यात शिव्या. ते म्हणतात, "आमचें मराठी राजवाड्यांतलें." मी म्हणतो, "म्हणूनच ते कुलपात राहिलं."

मी गेलो. दार उघडून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "कशास आलांत?"

"खालच्या संडासाची किल्ली द्या."

"तुमचें नळ बंद आहे काय?"

"मला नको. बीपी अक्काला."

त्यांनी चष्मा काढला. "हें पहा, तो उघडला तर सगळेच येतील. इस्त्रीवाला येईल, कुरियरवाला येईल. धुणार कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"दोन वर्षं बायकोचं काढलं. मला कसली लाज?"

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "बरें, पुढले महिन्यांत असोसिएशनची मीटिंग आहे, तींत ठेवूं."

"ती एक तारखेला सोडून चाललीय. मीटिंगमध्ये तुम्ही कोणाचं बीपी मोजणार आहात, खुर्च्यांचं?"

आवाज वाढला तशी आतून त्यांची बायको बाहेर आली. हातात पोळपाट. तिला शुगर आहे, पायाला जखम झाली होती ती भरायला चार महिने लागले आणि तेवढे दिवस ड्रेसिंग या बाईनंच केलं. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शोकेसमधल्या पितळी डब्यात हात घातला, किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मीटिंग करा. मी शेंगोळें करतें." दार लागलं.

मला इतका आनंद सोन्याचा कस पुरा उतरल्यावरही झाला नव्हता.

कुलूप उघडलं तर आत उंदराचं घर, फरशी काळी, भांडं पिवळं पडलेलं. पण मी पन्नास वर्षं तेजाब हाताळलेला माणूस. कुठला डाग कशानं जातो आणि हात कसे वाचवायचे, हे मला शिकवावं लागत नाही. दोन दिवस घासलं. आतून कडी नव्हती, ती बसवली. बल्ब, बादली, मग, साबण. खिळा ठोकला, बॅग अडकवायला. तिसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या टीचर नाक दाबून बघायला आल्या. या बाई चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, आता ऐंशीच्या आहेत आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला अजून इयत्तेत बसवतात. त्यांनी नाक सोडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "पास." मग म्हणाल्या, "पण ती वरपर्यंत चढतेच आहे ना? आपण का खाली येत नाही? मी रोज देवळात जायला उतरतेच."

हे मला सुचायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये तिची नऊ घरं, त्यातल्या मला सोडून सात घरांतली माणसं आपल्या पायानं दूध आणतात, आणि बाई मात्र त्यांच्यासाठी प्रत्येक मजल्यावर थांबत तीनही मजले चढते. मी त्या सातही घरी गेलो. कोणी नाही म्हणालं नाही. कोणाला कधी कोणी विचारलंच नव्हतं. पार्किंगमध्ये एक टेबल, आठ खुर्च्या, एक्स्टेंशन लावून पंखा. दुसऱ्या दिवशी बाई गेटमधून आत आली तेव्हा सात म्हातारे ओळीनं बसलेले, बाह्या वर करून. टीचर पहिल्या नंबरला, म्हणजे हजेरी घ्यायला.

बाई उभी राहिली. मी किल्ली दाखवली. "आधी तिकडे जा," म्हणालो. ती गेली, आली, तोंड धुतलेलं होतं. टेबलाजवळ बसली. आणि म्हणाली, "ताता, फार चांगलं केलंत. पण हे चालणार नाही. फोटो घराच्या दारात पाहिजे. सुपरवायझरचा हुकूम आहे."

तरी सगळ्यांना तपासलं, आणि मग प्रत्येकाच्या मागे जिना चढून दारात फोटो काढला. म्हणजे श्रम दुप्पट झाले. सातही जणांची तोंडं उतरली. जाताना ती म्हणाली, "परवा एक तारीख. केंद्रात बॅग परत द्यायची. राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय."

एक तारखेला सकाळी आम्ही दोन ऑटोंतून आरोग्य केंद्रात गेलो. मी, टीचर, सेक्रेटरींची बायको, आणखी तिघं. सेक्रेटरी येणार नव्हते. ऑटो सुटता सुटता चप्पल घालत आले आणि ड्रायव्हरजवळ अर्धं अंग बाहेर ठेवून बसले. "मीटिंग आहे तर सेक्रेटरी पाहिजे," म्हणाले.

बाई डॉक्टरांच्या खोलीत टेबलासमोर उभी होती. टेबलावर निळी बॅग, तिच्यावर कागद. आम्हाला बघून तिचा चेहरा असा झाला, जणू आम्ही तक्रार करायलाच आलोय. डॉक्टर बाई तरुण. सकाळपासूनची रांग बाहेर बसलेली आणि त्या उभ्या उभ्या डब्यातली इडली खात होत्या. त्यांचे डोळेही तसेच, भट्टीवरचे. मला आधी त्यांच्यावर ओरडायचं होतं. ते डोळे बघून नाही ओरडलो.

मी म्हणालो, "डॉक्टरम्मा, मी शिकलेला नाही. सोनं आटवायचं काम केलं. आमच्यात एक कायदा होता. वितळल्या सोन्याची मूस भट्टीतून उतरली की भट्टीवरच्या माणसाला बाहेर काढायचं. तो नाही म्हणाला तरी. पाणी पाजायचं, वाऱ्याला बसवायचं, दुसरा आत. कारण थकलेला माणूस आधी सोनं सांडतो आणि मग स्वतःला जाळून घेतो. हे आम्हा अडाण्यांना कळत होतं. या पोरीला भट्टीवरून कोणी बाहेरच काढलं नाही. मी तर तिच्या बसायच्या जागेलाच कुलूप लावलं. आणि माझी बायको गेली त्या दिवशी मी हिला शिवी दिली. ती चूक सगळ्यांसमोर कबूल करतो." मग मी बाईकडे वळलो. "मा, माफ कर."

ती खाली बघत होती. डॉक्टरांनी डबा बंद केला.

मी खालच्या खोलीचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "चांगलं आहे. पण फोटो दारात काढायचा असा नियम..."

टीचर पुढे सरकल्या. "बीपी माझं आहे की दाराचं?"

बाहेर रांगेतला कोणीतरी हसला. डॉक्टरसुद्धा हसल्या, आणि हसल्या म्हणून एक क्षण मुलीसारख्या दिसल्या. मग त्यांनी बाईचा फोन मागून घेतला, आदल्या दिवशीची एक नोंद उघडली. वर-खाली केलं. "यात जागा दिसते ती बिल्डिंगची," त्या म्हणाल्या. "मजला फोनला कळतच नाही. तिसरा आणि तळमजला एकच."

"मग दार कुठून आलं?" सेक्रेटरी म्हणाले.

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. "कुठूनतरी आलं आणि राहिलं," म्हणाल्या. मग सुपरवायझरला आत बोलावलं. त्या भल्या बाई घाबरल्या, वरून विचारतील म्हणाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "विचारलं तर माझं नाव सांगा. जे चालू शकतात ते खाली. अंथरुणावरचे तेवढे वर. आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर कोणाला का थांबलीस म्हणून विचारायचं नाही." लिहून सही केली. शिक्का मारला. तो शिक्क्याचा आवाज मी अजून ऐकू शकतो.

आम्ही सगळे बाईकडे बघायला लागलो. कागद अजून बॅगेवरच होता. मला वाटलं होतं ती लगेच उचलून फाडेल. तिनं फाडला नाही.

"एका बिल्डिंगला झालं," ती म्हणाली. "बाकीच्यांचं?"

"एका महिन्यात अजून दोन उघडतो," मी म्हणालो. "कुलूप उघडायची चटक लागलीय मला."

"मी बरोबर जाईन," सेक्रेटरी म्हणाले. "असोसिएशनच्या लोकांशीं कसें बोलावें हें यांना कळत नाहीं."

"आणि माझी एक अट आहे," बाई म्हणाली. आवाज मोठा झाला होता. "रविवारी माझा फोन बंद. बाकीच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर बंद. तातडी असेल तर अँब्युलन्सचा नंबर प्रत्येकाच्या फ्रिजवर मी स्वतः चिकटवीन. पण मला नाही."

"रविवारी कुणाला काही झालं तर?" सुपरवायझरनं विचारलं.

"रविवारी आम्ही आजारी पडत नाही," टीचर म्हणाल्या. "लिहून देऊ का?"

डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा बाईनं कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि बॅगेच्या बाहेरच्या खणात टाकला. फाडला नाहीच. म्हणाली, "जपून ठेवते. तुम्ही बिघडलात तर लागेल." आणि बॅग खांद्याला लावली. आमच्यातल्या एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. रांगेतल्या लोकांना काही कळलं नाही, तरी त्यांनीही वाजवली. परत येताना ऑटोत टीचर मला म्हणाल्या, "तुम्ही चौथी पास ना? आज पाचवीत घातलं."

घरी आलो तेव्हा एक क्षण तोंडातून निघालं, अगं ऐकलंस का, आणि पलंग रिकामा. हे अजून होतं. चांगली बातमी असली की जास्त होतं.

पुढच्या रविवारी मी टी. नगरला गेलो होतो, जुन्या धंद्यातल्या एकाला भेटायला. साड्यांच्या दुकानांसमोर नेहमीची गर्दी, माणसाला माणूस घासतोय. आणि समोरून ती येताना दिसली. निळी बॅग नव्हती म्हणून आधी ओळखलंच नाही. केसांत मोगरा, हातात पिशवी, बरोबर मुलगी. दोघी उसाच्या रसाचा एकच ग्लास दोघींत पीत येत होत्या, आणि ती हसत होती, मान मागे टाकून.

माझ्या नव्या गोळीनं दोन दिवस पाय सुजत होते. विचारायचं होतं. एक मिनिटाचं काम. तोंड उघडलंसुद्धा.

मग मी वळलो आणि दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहिलो. आत एक पुतळा, गुलाबी रेशमी साडीत. दुकानाचा माणूस बाहेर आला. "काय दाखवू साहेब? घरच्यांसाठी?"

"गप्प बस," मी म्हणालो, "बघू दे."

त्या दोघी माझ्या पाठीमागून गेल्या. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती, आई "मग? मग पुढे?" करत होती. आवाज गर्दीत मिसळेपर्यंत मी साडीच बघत राहिलो.

सुजेचं मी सोमवारी विचारलं, सकाळी अकराला, टेबलावर, माझा नंबर आल्यावर.